कृष्णपुऱ्यातला अर्धा र

कृष्णपुरा हे इंदूर शहराच्या मध्यभागी, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वस्तीचे नाव. खान नदीवरचा पूल, नदीकाठी होळकरांच्या छत्र्या, आणि भोवती दाटीवाटीची बाजारपेठ, असा तिचा थाट. छत्र्या तीन : कृष्णाबाईसाहेबांची, दुसऱ्या तुकोजीरावांची आणि शिवाजीरावांची. वस्तीला नाव मिळाले ते या कृष्णाबाईंवरून. सीमाभागातील माझ्या वाचकांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्यांनी ते एकदा विभक्ती लावून उच्चारून पाहावे : कृष्णपुऱ्यात, कृष्णपुऱ्याचा. आमचे हिंदी बोलणारे शेजारी ‘कृष्णपुरा में’ म्हणून मोकळे होतात. आपल्याला मात्र तो अर्धा र लागतो. डोक्यावर चढून बसणारा रफार येथे उपयोगाचा नाही; पापणीच्या केसासारखा, ओळीतच आडवा पडलेला र हवा. आचार्यांना दक्षिणा द्यावयाची आणि आचाऱ्यांना मजुरी; दर्या एकच, दऱ्या अनेक. मराठी माणूस हा भेद लहानपणीच शिकतो आणि पुढे त्याचा विचारही करीत नाही.

हा र जेथे अजूनही जुन्या पद्धतीने आणि बिनचूक उमटतो, असे एक संगणकयंत्र कृष्णपुऱ्यातील एका गल्लीत, एका लहानशा छापखान्यात चालू आहे. त्यावर ‘विंडोज ९८’ ही कार्यप्रणाली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती जून १९९८ मध्ये बाजारात आणली आणि ११ जुलै २००६ रोजी तिची देखभाल कायमची थांबविली. त्यानंतर त्याच घराण्यातली ‘एक्सपी’ आली आणि गेली. ‘विंडोज १०’चीही सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. या गल्लीतले यंत्र मात्र रोज सकाळी साडेदहाला सुरू होते. ते का सुरू ठेवावे लागते, त्याची ही हकीकत. ती सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

होळकरांचे राज्य मराठीत चाले. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि दफ्तरही येथे वाढले. हिशेब, सनदा, बातमीपत्रे, पत्रव्यवहार यांची लिपी मोडी. कारकुनाचा हात न उचलता धावावा म्हणून ती लिपी होती, आणि जो तो आपापल्या हाताच्या वळणाने ती लिहीत असे. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, व्यवहाराची भाषा हिंदी झाली. तिकडे महाराष्ट्रात शाळांतूनही मोडी गेली. एका पिढीत असे झाले की आजोबांच्या हातचा कागद नातवाच्या हातात आहे, भाषा तीच आहे, नावे ओळखीची आहेत, आणि एक अक्षर लागत नाही. कागद शाबूत असून मजकूर नाहीसा होणे, हा अनुभव आम्हां इंदूरकरांच्या घराघरांत आहे. वासुदेव ठाकूर यांनी ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ १९४० च्या दशकात छापून काढली, म्हणून त्यातली पत्रे आज कोणालाही देवनागरीत वाचता येतात. जी पत्रे तशी छापली गेली नाहीत ती मोडी वाचणाऱ्याची वाट पाहत पडून आहेत, आणि असे वाचणारे बोटांवर मोजावे लागतात.

मोडी गेल्यावर उरली ती बाळबोध, आणि तिच्यापुढे छापण्याचा प्रश्न. खिळ्यांच्या काळात प्रश्न शिशाचा होता. देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे शेकडो घरांच्या पेट्या असत. काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरे यांची वेगवेगळी घरे. अर्ध्या र चा खिळा हवा तर तो ओतून घ्यावा लागे, पण एकदा पेटीत आला की झिजेपर्यंत तुमचा. मग टंकलेखनयंत्र आले. त्याच्या चाळीस-पंचेचाळीस कळांवर आपली लिपी बसवताना बरीच ओढाताण झाली, तरी आपण निभावून नेले. शिसे काय किंवा कळ काय, उमटलेले अक्षर डोळ्यांना दिसणारे अक्षरच होते. संगणक आला तेव्हा ही स्थिती पालटली. नेमके काय झाले हे पुष्कळांना आजही ठाऊक नसते, म्हणून येथे जरा थांबते.

संगणक अक्षर ओळखीत नाही, क्रमांक ओळखतो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक अमेरिकेत १९६० च्या दशकातच ठरले होते. आपल्या लिप्यांचे काय, या प्रश्नावर कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये काम झाले आणि त्यातून ‘जिस्ट’ नावाचे तंत्र निघाले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने ते घरोघरच्या संगणकापर्यंत आणले. एक कार्ड यंत्राच्या पोटात बसवायचे, की डॉसवरच्या साध्या पडद्यावरही मराठी, कन्नड, तेलुगू उमटू लागे. भारतीय लिप्यांच्या क्रमांकांचे ‘इस्की’ हे प्रमाणक भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ठरविले. त्यात ‘क’चा क्रमांक सर्व भारतीय लिप्यांना एकच होता; लिपी बदलली की बेळगावचे नाव देवनागरीतून कन्नडात आपोआप जाई. किती शहाणपणाची योजना होती ती! पण छापखान्यांना ती मानवली नाही. छापखान्यांना हवी होती ‘पेजमेकर’सारखी पान रचण्याची आज्ञावली, आणि तिला इस्की कळत नव्हते. तिला फक्त इंग्रजी अक्षरे कळत.

मग आपल्याकडच्या हुशार मंडळींनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या घरात देवनागरीचा तुकडा बसवायचा. घरे सगळी मिळून २५६, त्यांतली काही यंत्राने स्वतःसाठी राखलेली. उरलेल्या दोनशेच्या आसपास घरांत काना, वेलांट्या, अर्धी अक्षरे, जोडाक्षरांचे तुकडे कोंबायचे. हिंदी मुलखात, म्हणजे आमच्याकडेही, ‘कृतिदेव’ नावाचा टंक फार चालला. त्यात ‘राम’ लिहिले तर पडद्यावर ‘राम’ दिसते, पण यंत्राच्या पोटात जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ‘मराठी’ लिहिले तर ई, जे, के, बी, एच. टंक आहे तोवर सोंग वठते. टंक काढून घेतला की रंग उतरलेल्या बहुरूप्यासारखी नुसती रोमन अक्षरे समोर उभी राहतात.

निरनिराळ्या कंपन्यांनी मराठीसाठी अशाच पद्धतीचे, पण आपापले टंक काढले. ‘श्रीलिपी’, ‘आकृती’ ही नावे छापखान्यात गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असतील. अक्षरे सुरेख होती, अर्धा र जागच्या जागी होता, आणि १९९० च्या दशकातले बहुतेक दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि स्मरणिका त्यांच्यावरच निघाल्या. मात्र कोणता तुकडा कोणत्या घरात, हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरविलेले. एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येत नसे. सीमाभागात तर एकाच डीटीपी केंद्रात एका यंत्रावर कन्नडाचे ‘नुडी’ किंवा ‘बरह’ आणि मराठीची आणखी एखादी लिपी-आज्ञावली शेजारी शेजारी नांदत असे. तेथील ऑपरेटर सकाळी एका भाषेत हुंडी-पावत्या आणि दुपारी दुसऱ्या भाषेत लग्नपत्रिका करीत असे, हे माझ्या वाचकांनी पाहिलेले असेल.

ह्या आज्ञावल्या नुसते टंक नव्हत्या. कळफलकाची कळ दाबली की मध्येच ती पकडून तिचे मराठी करणारा एक कार्यक्रम त्यांच्यात असे, आणि तो त्या काळच्या विंडोजच्या अगदी आतल्या भागाशी बांधलेला असे. शिवाय चोरी होऊ नये म्हणून कुलूप. हे कुलूप म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. ती प्रिंटरच्या मागच्या खोबणीत लावायची. डबी नसेल तर आज्ञावली उघडत नाही. किंमत हजारोंत असल्याने कुलूप लावणे रास्तच होते. मी त्याला दोष देत नाही. पण याचा परिणाम असा झाला की मजकूर टंकावर, टंक आज्ञावलीवर, आज्ञावली डबीवर, डबी खोबणीवर आणि हे सगळे मिळून कार्यप्रणालीवर अवलंबून राहिले. नवी कार्यप्रणाली आली की तिने आज्ञावल्यांना खोबणीशी थेट बोलण्याची मनाई केली. पुढच्या ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांच्या जुन्या आज्ञावल्या चालविणेच सोडून दिले. कित्येकदा आज्ञावली स्वतः चालण्याजोगी असते, पण तिला यंत्रावर चढविणारा कार्यक्रम १६ बिटांचा निघतो आणि दारातच अडतो. नव्या यंत्रांतून ती खोबणीही गेली.

मोठ्या वर्तमानपत्रांनी आणि प्रकाशकांनी नव्या आवृत्त्या घेतल्या, पैसे मोजले, पुढे गेले. लहान छापखान्याने काय करावे? कृष्णपुऱ्यातल्या या छापखान्याचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी साधा हिशेब केला. यंत्र चालते आहे, कुलूप आहे, गिऱ्हाईक आहे. मग यंत्रच मरू द्यायचे नाही.

यंत्र मरू न देणे म्हणजे काय, हे मी तेथे बसून पाहिले आहे. ऑपरेटर मूळचे माळव्यातले, घरी माळवी बोलणारे, आणि मराठी त्यांच्या बोटांत आहे. तोंडाने चार वाक्येही सलग बोलणार नाहीत, पण ‘बिऱ्हाड’ लिहिताना चुकणार नाहीत. त्यांनी मला एकेक गोष्ट दाखविली. सर्वांत आधी बॅटरी. मातृफलकावर रुपयाएवढी एक चकती असते. ती संपली की यंत्र तारीख विसरते आणि तारखेबरोबर कधी कधी आपल्याला डिस्क आहे हेही विसरते. ती दर काही वर्षांनी बदलायची. त्याहून मोठा शत्रू म्हणजे मातृफलकावरची छोटी नळकांडी, ज्यांना कपॅसिटर म्हणतात. २००० च्या आगेमागे जगभर सदोष द्रावाचे कपॅसिटर बाजारात आले होते. काही वर्षांनी त्यांची डोकी फुगतात आणि तपकिरी रस गळतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते यंत्र म्हातारे झाले. कपॅसिटर काढून नवे डाखले की तेच यंत्र पुन्हा उभे राहते. जेल रोडच्या बाजारात हे डाखकाम करणारे कारागीर आहेत. सुटे भाग भंगारातून येतात. एका जिवंत यंत्रामागे दोन मेलेली यंत्रे माळ्यावर ठेवलेली आहेत.

एकदा शेजारच्या दुकानातल्या एका उत्साही मुलाने यंत्राला वेग यावा म्हणून भरपूर स्मृती बसवून दिली. यंत्र सुरू होईना. पडद्यावर संदेश आला की स्मृती अपुरी आहे. सगळे चक्रावले. कारण असे की विंडोज ९८ घडवणाऱ्यांनी एवढी स्मृती घरगुती यंत्रात कधी असेल असे धरलेच नव्हते. ५१२ मेगाबाइटच्या पलीकडे गेले की त्या प्रणालीचा तात्पुरत्या साठ्याचा हिशेब एवढा फुगतो की तिला स्वतःला जागा उरत नाही, आणि ती म्हणते जागा कमी आहे. साठ्याला मर्यादा घालणारी एक ओळ तिच्या एका धारिकेत लिहावी लागते, किंवा सरळ स्मृती काढून घ्यावी लागते. ऑपरेटरभाऊंनी दुसरा उपाय केला आणि म्हणाले, “ताई, इसको ज़्यादा खिलाओ तो पचता नहीं।”

याच जातीची दुसरी एक गंमत पत्रिकांच्या आज्ञावलीची. डॉसवर चालणारी, जन्मवेळ दिली की कुंडली मांडून देणारी अशी एक जुनी आज्ञावली छापखान्यात होती. ती जलद यंत्रावर टाकली की उघडताक्षणीच ‘चूक २००’ म्हणून बंद पडे. जगभरच्या टर्बो पास्कल भाषेत लिहिलेल्या हजारो आज्ञावल्यांना हा रोग जडला होता. ती आज्ञावली सुरू होताना यंत्राचा वेग मोजी. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सेकंदाच्या सुमारे ५५ हजारांश भागात, किती फेऱ्या होतात ते मोजून त्याला ५५ ने भागी. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या यंत्रांवर भागाकार एवढा मोठा येऊ लागला की तो मावेना, आणि यंत्राने त्याला शून्याने भागल्याची चूक ठरविले. म्हणजे यंत्र फार लवकर धावले हाच गुन्हा! त्यावर दुरुस्तीही निघाली, पण बहुतेक छापखान्यांनी एक सावकाश चालणारे यंत्र बाजूला राखून ठेवणे पसंत केले.

या उद्योगात आम्ही एकटे आहोत असे मात्र समजू नये. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरची उड्डाणे काही काळ थांबली, कारण धुक्यात वैमानिकांना दृश्यमानता कळविणारी व्यवस्था बंद पडली. ती १९९२ च्या ‘विंडोज ३.१’ वर चालत होती. अमेरिकेच्या अण्वस्त्रदलाच्या संदेशयंत्रणेत आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत होत्या. पण मला सर्वांत जवळची वाटते ती इंग्लंडमधली गोष्ट. १०८६ मध्ये विल्यम राजाने आपल्या राज्याची जमीनपाहणी करून ‘डूम्सडे बुक’ नावाची वही लिहवून घेतली. तिला ९०० वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बी.बी.सी.ने देशभरच्या शाळांतील मुलांकडून नवी पाहणी करवून ती लेसरच्या मोठ्या तबकड्यांवर साठविली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. चामड्यावरची ९०० वर्षांची वही वाचता येत होती आणि मुलांनी भरलेली माहिती वाचता येत नव्हती. शेवटी २००२ मध्ये लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राचे सोंग नव्या यंत्राकडून वठवून घेतले आणि माहिती पुन्हा दिसू लागली.

ही सोंगाची विद्या आता घरगुतीही झाली आहे. डॉसचे सोंग आणणारी ‘डॉसबॉक्स’ २००२ पासून फुकट मिळते. मायक्रोसॉफ्ट डॉस सोडणार असे दिसताच १९९४ मध्ये जिम हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने नवा, सर्वांसाठी खुला डॉस लिहिण्याची घोषणा केली. तो ‘फ्रीडॉस’ आजही चालतो. आमच्या गल्लीतल्या एका महाविद्यालयीन मुलाने नव्या यंत्राच्या पोटात आभासी यंत्र मांडून त्यावर विंडोज ९८ चढवून दाखविले. ओळखीचा निळसर-हिरवा पडदा दिसला तेव्हा काकांनी चहा मागविला. टंक दिसले, पेजमेकर उघडले. मराठीची आज्ञावली मात्र उघडली नाही. ती आपली डबी शोधीत होती, आणि आभासी यंत्राला खोबणी कोठली? कुलूप तोडून देणारे लोक मिळतात, नाही असे नाही. काकांनी ते करू दिले नाही. ते म्हणाले, पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे, चोरीची करून वापरायची नाही. मला हा हट्ट वाटतो. त्यांचा आहे, आणि यंत्रही त्यांचे आहे.

आता कोणी विचारील की युनिकोड आले, आता अडले कोठे? बरोबर आहे. जगातल्या सर्व लिप्यांना एकच क्रमपट असावा या हेतूने युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. देवनागरी तिच्यात इस्कीच्या धर्तीवर आली. विंडोजमध्ये ती देवनागरी प्रत्यक्ष चालू लागली विंडोज २००० पासून. आज मोबाइलवर नातवाला मराठीत निरोप पाठवतो तो युनिकोडच्या जोरावर. आपला अर्धा रही त्यात आहे, आणि त्याची कथा सीमाभागातील वाचकांना रुचेल अशी आहे. युनिकोडच्या तक्त्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ हा द्राविडी भाषांतला दुसरा, कठोर र लिहिण्यासाठी ठेवलेला आहे. तमिळ-मल्याळममध्ये तो आहे, जुन्या कन्नडातही होता. त्याच ‘ऱ’चा पाय मोडला की आपला पापणीसारखा र मिळतो. म्हणजे कऱ्हाडचा आणि कृष्णपुऱ्याचा र कानडी सोयऱ्याच्या घरातून आला आहे म्हणा ना!

अडचण नव्याची नाही, मागचे कसे आणायचे याची आहे. १९९७ ते २००६ या काळात आमच्या मराठी मंडळाच्या दहा स्मरणिका याच छापखान्यात झाल्या, आणि त्यांचे संपादन माझ्याकडे होते. त्या वर्षांत संस्थानी इंदूर पाहिलेली माणसे अजून होती. सी. के. नायडूंच्या होळकर संघाचा खेळ यशवंत क्लबच्या मैदानावर पाहिलेले, कापडगिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे, १९८४ च्या आगीत राजवाडा जळताना पाहिलेले. दर वर्षी चार-पाच जणांच्या आठवणी आम्ही लिहून घेत असू. एका आजींनी सासरच्या मोडी पत्रांचे देवनागरी करून दिले होते. पत्रे नंतर कोठे गेली ते घरच्यांना ठाऊक नाही. त्या पिढीतली माणसे आता राहिली नाहीत. छापलेल्या प्रती घरे बदलताना, माळे झाडताना, वाळवीच्या तोंडी गेल्या. १९९९ च्या अंकाची तर छापील प्रत खूप शोधूनही मिळाली नाही. तबकड्यांवर घेतलेल्या दोन प्रतींपैकी एक उघडतच नाही. उरल्या त्या जुन्या यंत्रातल्या धारिका, जुन्या सोंगात.

सोंगाचे युनिकोड करणारी परिवर्तके मिळतात. आम्ही दोन अंक त्यांच्यातून काढले. मजकूर आला, आणि पहिल्या पानावर आम्हांला कळले की मंडळाचे ‘कऱ्हाडे’ सगळे ‘कर्हाडे’ झाले आहेत. ‘आचाऱ्यांनी केलेले श्रीखंड’ आचार्यांच्या नावावर गेले. परिवर्तक हिंदीच्या अंदाजाने केलेले होते. र दिसला की ते त्याला रफार करून डोक्यावर बसवी. काही ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी होती ती मागच्या शब्दाला चिकटली, कारण जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी लिहीत आणि नव्यात नंतर. परिवर्तकाला हजार नियम सांगता येतात, पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतले कोणते लेखकाच्या मनात होते हे सांगणारा एकच साक्षीदार असतो : जुन्या यंत्राचा पडदा, जेथे तो शब्द मूळ टंकात जसाच्या तसा दिसतो. म्हणून ते यंत्र हवे. नव्या यंत्रावर मजकूर आणि शेजारी जुन्यावर मूळ, असे ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहणे, हाच एक खात्रीचा मार्ग सापडला.

आठवड्यातून दोन दुपारी आम्ही बसतो. जुन्या पडद्यावरून मी वाचते, नव्यावर ऑपरेटरभाऊ बघतात. खिळ्यांच्या काळात एक वाचणारा आणि एक ताडणारा असे मुद्रितशोधन होई, तीच ही पद्धत. ते मराठी बोलत नसल्यामुळे त्यांचे डोळे अर्थाला भुलत नाहीत. माझ्या नजरेतून निसटलेला र ते पकडतात. मोडी पत्रांचे जे लेख आजींनी दिले होते, त्यांच्या शेवटी त्यांनी मोडी अक्षरांचे चार नमुने हाताने काढून दिले होते व आम्ही ते चित्र म्हणून छापले होते. आता ते खऱ्या अक्षरांत घालता येतील, कारण जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल बंद केली होती.

यंत्राला आम्ही इंटरनेटला जोडत नाही. त्याला आजच्या विषाणूंपासून वाचविणारे काही उरलेले नाही. धारिका पूर्वी फ्लॉपीवरून नेत असू. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनविणे थांबविल्यावर उरलेल्या फ्लॉपी जपून वापरल्या, मग विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह ओळखता यावा अशी जगातल्या हौशी मंडळींनी केलेली छोटी आज्ञावली त्यात घातली. जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी कॅमेऱ्यात असते तसले स्मृतिकार्ड एका जोडणीने बसविले आहे. आवाज नाही, उष्णता नाही. त्याच्या चार प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवल्या आहेत. डबीची प्रत मात्र होत नाही. ती एकच आहे. संध्याकाळी छापखाना बंद करताना काका ती खोबणीतून काढून गल्ल्याच्या खणात ठेवतात आणि सकाळी पुन्हा लावतात. तिच्या पिना झिजतील म्हणून ती काढू नये असे मी त्यांना सांगून पाहिले. ते ऐकत नाहीत.

दहा स्मरणिकांपैकी सात पुऱ्या झाल्या. १९९९ ची हाती घेतली आहे. तिच्यात ‘रु.’ असे जेथे जेथे आहे ते तसेच ठेवायचे ठरविले आहे, कारण रुपयाचे आजचे चिन्ह २०१० मध्ये आले आणि त्या वेळच्या माणसाच्या तोंडी ते घालणे बरे नाही. सदस्यांच्या यादीतील नावे ताडून झाली की राजवाड्याच्या आगीवरचा लेख. तो अकरा पानांचा आहे, आणि त्याची प्रत दुसरीकडे कोठेही नाही.